लाईट घालवून गाडी आणू नका
पिकअपमालकांसाठी माहिती: धूर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि क्लच

"गाडी ओढत नाही, धूर मारतेय, क्लच गेलाय बहुतेक. संध्याकाळपर्यंत द्या, रात्री माल भरायचाय." द्राक्षाचा हंगाम लागला की असे फोन रोज येतात. गाडी येते, आम्ही स्कॅनर लावतो आणि त्यात एकही एरर दिसत नाही. कारण येण्याआधीच डॅशबोर्डवरची इशाऱ्याची लाईट घालवायला कुणीतरी बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा बसवलेलं असतं, नाहीतर वाटेत कुठंतरी एरर पुसून घेतलेला असतो.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो, म्हणून हा कागद छापला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत एरर पडतो, त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर एक नोंद करून ठेवतो. आरपीएम किती होता, इंजिनवर लोड किती होता, वेग काय, इंजिन किती तापलं होतं, हे सगळं त्यात असतं. गाडी घाटात बिघडली की गावात, भरलेली की रिकामी, हे आम्हाला त्यावरून कळतं. एरर पुसला की ही नोंदही पुसली जाते. बिघाड मात्र जागच्या जागी असतो. मग एरर पुन्हा पडेपर्यंत गाडी पळवत बसायची.

मागच्या हंगामात तासगावकडची एक गाडी आली. रत्नागिरीला द्राक्षं उतरवून येताना जांभ्याचे चिरे भरले होते. आंबा घाट चढताना लाईट लागली आणि गाडी ओढेना. ड्रायव्हरनं हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, कशीबशी वर काढली, केबिनमध्ये जळका वास सुटला. घाट संपल्यावर कुणीतरी टर्मिनल काढून लाईट घालवली आणि "क्लच गेला" म्हणून सांगितलं. मालक क्लचचा नवा सेट घेऊनच आमच्या दारात उभे.

स्कॅनर कोरा. रिकामी ट्रायल घेतली, गाडी व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी हौद्यात वाळूची पोती भरून चढाला नेली, तेव्हा एरर पडला: पी ०२९९, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पच्या अगदी मागे दोन बोटांची चीर होती. नुसतं बघून दिसत नव्हती. पाइप हातानं वाकवला तेव्हा तिनं तोंड उघडलं, भोवती तेलकट धूळ बसलेली. लोड आला की हवा तिथून निसटायची, डिझेल मात्र तेवढंच पडायचं. म्हणून काळा धूर, म्हणून डीपीएफमध्ये काजळी, म्हणून गाडी मंद, आणि म्हणून हाफ क्लच. पाइप बदलला, डीपीएफची काजळी स्कॅनरवरून जाळली, पुन्हा भरलेली ट्रायल घेतली. क्लच घसरत नव्हता. मालकांना सांगितलं, सेट परत करा. नोंद शाबूत असती तर हे काम त्याच दिवशी झालं असतं.

क्लच गेला की इंजिन, हे तुम्हालाही ओळखता येतं. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आरपीएमच चढत नसेल तर क्लचला हात लावू नका. टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा डीपीएफ बघावा लागेल. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लचचा सिलिंडर गळतोय का ते पाहतो, कधीकधी काम तेवढ्यावरच भागतं. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग.

गिअरबॉक्स उतरवलाच तर आम्ही नुसती क्लच प्लेट बदलत नाही. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सोबत बदलतो, फ्लायव्हील तपासतो, मागचं ऑइल सील गळतंय का बघतो. ऑइल लागलेली नवी प्लेट काही दिवसांत पुन्हा झटके देते. पार्टचे पैसे थोडे वाढतात, पण मजुरी दोनदा लागत नाही.

डीपीएफची लाईट लागली म्हणजे फिल्टर काजळीनं भरत आलाय. जाळायला जवळपास ६०० अंश उष्णता लागते, ती मार्केट यार्ड ते मिरज अशा छोट्या फेऱ्यांत तयार होत नाही. हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालवा, मध्ये इंजिन बंद करू नका. अशा वेळी गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर मुळीच उभी करू नका, खाली सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. चेक इंजिनची लाईटही सोबत लागली तर पळवत बसू नका, सरळ आणा. आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. काजळी जाळणं अर्धवट राहिलं की त्यासाठी पडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ते ऑइल बदलावंच लागतं. आम्ही डीपीएफला चालणारं, कमी राख करणारं ऑइलच भरतो. काजळी जळते, राख आतच साठत जाते.

"डीपीएफ काढूनच टाका" असं बरेच जण म्हणतात. ते आम्ही करत नाही. गाडीत असा बदल करणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्याच पोराबाळांच्या नाकात तो धूर जातो. धुराचं मूळ कारण सापडलं की फिल्टर नीट चालतो.

तपासणीचे पैसे वेगळे का, हेही विचारलं जातं. स्कॅनर लावणं पाच मिनिटांचं काम, पण भरलेल्या गाडीची ट्रायल, पाइप आणि सेन्सर एकेक तपासणं यात अर्धा दिवस जातो. काम आमच्याकडेच केलंत तर ते पैसे बिलातून वजा होतात.

गाडी सकाळी आणा, जमलं तर आदल्या रात्री लावून जा. काही बिघाड थंड इंजिनवरच दिसतात. बिघाड झाला तेव्हा जो ड्रायव्हर होता, त्यालाच पाठवा. लाईट लागलेली असू द्या, फार तर मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा. हंगामाची गाडी असेल तर डिसेंबरात एकदा दाखवून घ्या, तेव्हा आमच्याकडे रांग नसते. बदललेले जुने पार्ट हौद्यात ठेवलेले असतात, नेण्याआधी बघून घ्या.