आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील यजमानपदाचे वाद

क्रिकेटचा सामना, मालिका किंवा स्पर्धा कोणत्या देशात आणि कोणत्या मैदानावर व्हावी, यावरून क्रिकेट मंडळांत आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या सरकारांत होणारे तंटे. सुरक्षितता, राजनैतिक वैर, वर्णद्वेषाला विरोध, पैसा आणि पाणीटंचाई अशी त्यांची कारणे निरनिराळी असली, तरी बहुतेक वेळा फटका बसतो तो एकाच घटकाला : घरच्या मैदानावर येऊन बसणाऱ्या प्रेक्षकाला.

‘यजमान’ हा शब्द नाशिककरांच्या रोजच्या कानावरचा. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी विधीसाठी आलेल्या माणसाला गुरुजी ‘यजमान’ म्हणूनच हाक मारतात. संकल्प त्याच्या नावाने सोडला जातो आणि खर्चही त्याचाच असतो. क्रिकेटमध्ये यजमानाकडे खर्चाबरोबर मिळकतही येते. द्विपक्षीय मालिकेच्या प्रक्षेपणाचे हक्क यजमान मंडळाच्या मालकीचे असतात. तिकिटे आणि मैदानावरच्या जाहिरातींचे पैसेही त्याच्याच पदरात पडतात. म्हणून पाहुणा संघ आला नाही तर नुसती मानहानी होत नाही, मंडळाचे वर्षाचे गणित कोलमडते. भारतीय संघाचा दौरा रद्द झाला की लहान मंडळांचे धाबे दणाणते ते यामुळे.

या खेळाची सत्ता कोणाच्या हाती, हा प्रश्न आधीपासूनचा आहे. इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स ही आजच्या आयसीसीची, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक नियामक संस्थेची, पूर्वज संस्था १९०९ मध्ये लॉर्ड्सवर स्थापन झाली; इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका एवढेच तिचे सदस्य. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आज नाशिकमधले क्रिकेटचे प्रमुख मैदान, सगळे ज्याला गोल्फ क्लब म्हणतात ते, हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचे आहे. साम्राज्याच्या संस्थेतून जगाचा खेळ होईपर्यंतचा प्रवास सांगायला हे एक मैदान मला पुरेसे वाटते. संस्थेतला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा नकाराधिकार १९९३ पर्यंत टिकला. मुख्यालय लॉर्ड्सहून दुबईला गेले ते २००५ मध्ये.

पुरुषांचा विश्वचषक पहिल्यांदा इंग्लंडबाहेर आला तो १९८७ मध्ये, भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त यजमानपदाखाली. सीमेवर तणाव असतानाही दोन्ही मंडळांनी एकत्र मागणी केली आणि ती तडीस नेली. ही मागणी झाली तेव्हाचे भारतीय मंडळाचे अध्यक्ष एन. के. पी. साळवे नागपूरचे. आजच्या कटुतेत हे सहकार्य विसरले जाते. ते विसरू नये असे वाटते.

बहिष्काराचे सर्वांत न्याय्य उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. वर्णद्वेषी राजवटीमुळे १९७० नंतर हा संघ दोन दशके आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिला. १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तो परतला. या पुनरागमनाला मुंबईतल्या एका घटनेची पार्श्वभूमी आहे. त्याच्या आदल्या महिन्यात शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली, पाकिस्तानचा दौरा रद्द झाला आणि रिकाम्या झालेल्या जागी दक्षिण आफ्रिकेचा संघ आला. खेळपट्टीवरच्या त्या एका रात्रीने क्रिकेटच्या इतिहासाची दोन पाने एकदम उलटली.

१९९६ च्या विश्वचषकापूर्वी, ३१ जानेवारीला, कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर बॉम्बहल्ला झाला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी श्रीलंकेत खेळायला नकार दिला आणि त्या सामन्यांचे गुण श्रीलंकेला बहाल झाले. त्या वेळी भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून एक संघ कोलंबोला पाठवला. मोहम्मद अझरुद्दीनच्या नेतृत्वाखाली सचिन तेंडुलकर आणि वसीम अक्रम एका संघातून खेळले, तेही यजमानाला धीर देण्यासाठी. पुढे १७ मार्चला लाहोरच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने हरवले ते ऑस्ट्रेलियालाच. २००३ च्या विश्वचषकात इंग्लंडने हरारेला आणि न्यूझीलंडने नैरोबीला जाणे नाकारले. न्यूझीलंडच्या नकाराने मिळालेले गुण केनियाला उपांत्य फेरीच्या वाटेवर मोलाचे ठरले.

भारत-पाकिस्तान संबंधांचा आलेख क्रिकेटच्या वेळापत्रकावरून काढता येतो. १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला. १९६१ नंतर दोन युद्धे झाली आणि कसोटी क्रिकेट थेट १९७८ मध्ये सुरू झाले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सियालकोटचा सामना इंदिरा गांधींच्या हत्येच्या बातमीने मध्येच थांबला. दिलीप वेंगसरकर तेव्हा ९४ धावांवर नाबाद होते. पाकिस्तानने १९९०-९१ च्या भारतातल्या आशिया चषकावर बहिष्कार टाकला.

१९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली, तरी पाकिस्तानचा दौरा झाला. चेन्नईच्या चेपॉक मैदानावरच्या कसोटीत सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला. स्टेडियम काही क्षण गप्प झाले. मग पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारू लागले, तसे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. यजमानपदाचा अर्थ सांगायचा झाला, तर चेपॉकच्या त्या टाळ्यांपेक्षा चांगला दाखला नाही.

३ मार्च २००९ रोजी लाहोरमध्ये श्रीलंका संघाच्या बसवर दहशतवादी हल्ला झाला आणि पाकिस्तानातले आंतरराष्ट्रीय क्रिकेट जवळजवळ थांबले. २०११ च्या विश्वचषकाच्या यजमानपदातला त्याचा वाटा गेला, ‘घरच्या’ मालिका अमिरातीत होऊ लागल्या. कसोटी क्रिकेट रावळपिंडीत परतायला डिसेंबर २०१९ उजाडला. दहा वर्षांत तिथली एक पिढी आपल्या संघाला बहुतेक टीव्हीवरच पाहत मोठी झाली.

२०२३ च्या आशिया चषकापासून ‘हायब्रिड मॉडेल’ हा शब्द रूढ झाला : यजमान एक, पण काही सामने तटस्थ देशात. त्या वर्षी पाकिस्तानात चार आणि श्रीलंकेत नऊ सामने झाले. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा यजमान पाकिस्तान होता, पण भारताचे सगळे सामने दुबईत झाले आणि भारत जिंकत गेल्याने अंतिम सामनाही तिथेच झाला. उपांत्य फेरीत भारताशी कोण खेळणार हे ठरेपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा संघ पाकिस्तानातून विमानाने दुबईला गेला आणि न खेळताच लाहोरला परतला. त्याच वर्षी भारतात झालेल्या महिला विश्वचषकात पाकिस्तानचे सामने कोलंबोत ठेवले गेले. आशिया चषकाचा यजमान भारत होता, पण स्पर्धा दुबई आणि अबुधाबीत झाली. तिथे भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही.

नाशिककरांना विभागलेले यजमानपद नवे नाही. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात. पेशवाईत स्नानाच्या मानावरून झालेल्या रक्तपातानंतर ही विभागणी पक्की झाली. फरक असा, की इथे दोन्ही घाट गोदावरीचेच राहिले आणि भाविकाला दोन्हीकडे जाता येते. हायब्रिड मॉडेलमध्ये लाहोरच्या प्रेक्षकाला दुबईला जावे लागते, आणि ते फार थोड्यांना परवडते.

महाराष्ट्राच्या घरातही असे तंटे झाले. तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे बिनसले, म्हणून क्लबचे ब्रेबोर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने नवे स्टेडियम उभे राहिले. तिथली पहिली कसोटी जानेवारी १९७५ मधली. २०१६ चा वाद मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. गोदावरीचे पाणी जायकवाडीला सोडण्यावरून दर टंचाईत भांडणाऱ्या नाशिक जिल्ह्याला तरी त्यामागची निकड समजावून सांगावी लागत नाही.

नाशिकच्या वाट्याला येतात ते महाराष्ट्र संघाचे रणजी सामने. गोल्फ क्लबवर एरवी मैदानाच्या कडेने फेऱ्या मारणारी माणसे त्या दिवसांत एखादे षटक पाहायला थबकतात. मैदानावर सराव करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी भारत-पाकिस्तान कसोटी मात्र कधीच पाहिलेली नाही. शेवटची झाली ती बंगळुरूला, १२ डिसेंबर २००७ रोजी संपली आणि अनिर्णित राहिली.