कॅम्पिंग ट्रेलरचे पाटे

घरी बांधलेल्या हलक्या कॅम्पिंग ट्रेलरची चौकट एक्सलवर, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, पेलून धरणारे, एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गोल स्प्रिंग वापरली तर एक्सल जागेवर धरायला वेगळ्या दांड्या आणि शॉकॲब्सॉर्बर लागतात. पाट्यांचा सेट एक्सलही धरतो आणि आपसातल्या घर्षणाने थोडी उसळीही जिरवतो. त्यामुळे साध्या वर्कशॉपमध्ये बसवायला हाच बरा.

निवड बहुतेक वेळा मजबुतीच्या हौसेपायी चुकते. टेम्पोचे जुने पाटे भंगारात स्वस्तात मिळतात, पण टनभर ओझ्यासाठी केलेला सेट एवढ्याशा ट्रेलरखाली जेमतेम दबतो. मग साताऱ्याजवळच्या कासकडे किंवा बामणोलीला जाताना प्रत्येक खड्डा थेट चौकटीला बसतो, कपाटाचे स्क्रू ढिले होतात आणि वेल्डिंगला तडे जातात.

म्हणून आधी वजन. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. पाण्याची टाकी, गाद्या, शेगडी, सिलिंडर सगळे भरून, ट्रेलर कारला जोडलेला ठेवून, फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्यावीत. समजा एकूण वजन ४०० किलो आहे. त्यातले ४० किलो कारच्या हुकावर गेले, तर काटा ३६० दाखवेल. चाके व एक्सलचे ६० वजा केले की दोन्ही बाजूंच्या सेटवर मिळून ३००, म्हणजे एकेकावर १५० किलो येतात. या वजनाने सेट ५ सेंमी दबावा, अर्थात त्याचा ताठपणा सेंमीला ३० किलो असावा. अशा ट्रेलरचे हेलकावे सेकंदाला सव्वादोनच्या आसपास राहतात. सेंमीला १०० किलोचा सेट घातला तर ते चारावर जातात.

जुना सेट पारखायची सोपी रीत आहे. तो बसवून एक्सल ते चौकट अंतर टेपने मोजावे, एक्सलच्या बरोबर वर सिमेंटची ५० किलोची चार पोती ठेवावीत आणि पुन्हा मोजावे. अंतर ३ सेंमीच्या थोडे वर कमी झाले तर सेट जमला. जेमतेम १ सेंमी झाले तर तो फार ताठ आहे.

जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, तर लांबी दुप्पट झाली की तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणूनच हलक्या ट्रेलरला लांब, पातळ पाटे शोभतात. ताठ सेटमधले एक-दोन पाटे काढता येतात, पण मग उरलेल्यांवर, विशेषतः सर्वांत लांब अशा मेन पाट्यावर, ताण वाढतो. पाट्यावर वेल्डिंग मात्र कधीच करू नये. उष्णतेने त्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरते आणि तो तिथेच तुटतो. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एक्सल चौकटीवर आदळू नये म्हणून त्याच्या वर ६-७ सेंमी मोकळी जागा आणि रबरी गट्टू हवा.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावर न्यायच्या ट्रेलरचीही नोंदणी लागते. चौकट कापण्याआधीच आरटीओत विचारणा करावी.