'ठाण्याला पाठवतील' या भीतीची सव्वाशे वर्षं

गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन नौपाड्यातल्या एका जुन्या दवाखान्यात गेले होते. साधा ताप होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, घसा पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि मग केसपेपर उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर एक मोठा गोल काढला. "काकू, हे घड्याळ आहे असं समजा. आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

आत्यानं बारा बरोबर वर लिहिले. मग एक, दोन, तीन करत निघाली आणि सहापर्यंत येता येता अर्धा गोल संपण्याऐवजी अख्खा गोल गच्च भरला. सातपासूनचे आकडे तिनं गोलाबाहेर, दुधाच्या हिशेबासारखे एकाखाली एक लिहिले. काटे काढलेच नाहीत. पेन ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मला ठाण्याला पाठवायचं ठरलंय का तुमचं?"

ती बसली होती ठाण्यातच. चाळीस वर्षं राहतेही इथंच. पण गिरगावात वाढलेल्या तिच्या पिढीसाठी 'ठाण्याला पाठवणं' याचा अर्थ एकच: मनोरुग्णालयात धाडणं. पुण्याच्या बाजूला जे येरवड्याचं, ते मुंबईकडे ठाण्याचं.

विसरायला लागलेल्या माणसाची पहिली तपासणी फॅमिली डॉक्टरनं करावी का, आपणहून करावी की घरच्यांनी विचारल्यावर, हा विषय आता ठाण्या-नवी मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायट्यांच्या आरोग्य शिबिरांत निघू लागला आहे. साखर आणि बीपी तपासायला रांग लागते. स्मरणशक्तीच्या टेबलापाशी मात्र चुळबुळ. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. या चुळबुळीला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा इथलाच आहे.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शेठ नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला होतं, पण लोकांनी ते कधी घेतलं नाही; लोकांचं ते 'वेड्यांचं इस्पितळ', पुढे नुसतं 'मेंटल'. रिक्षावाल्याला आजही तेवढंच सांगितलं तरी पुरतं. त्या काळी तिथं जाणं म्हणजे पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि कागद. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं, आणि तो १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत चालला. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाचे हक्क लिहून दिले. आता तर त्याच रुग्णालयाच्या जमिनीच्या एका तुकड्यावर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्थानक व्हायचं आहे. जमीन बदलेल, कायदा बदलला. पण आत्याच्या वाक्यातलं 'ठाणं' १९१२ च्या कायद्यातलंच आहे.

योगायोग असा की त्याच १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत फ्रँकफुर्टच्या अशाच एका इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना त्यांच्या नवऱ्यानं आणून सोडलं होतं. त्या नवऱ्यावर संशय घ्यायच्या, वस्तू लपवून ठेवायच्या, स्वतःचं नाव लिहिताना मध्येच अडखळायच्या. तिथले डॉक्टर आलॉइस अल्झायमर त्यांना रोज प्रश्न विचारून उत्तरं टिपून ठेवत. १९०६ मध्ये त्या गेल्या. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात वेगळे डाग दिसले आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

मात्र तिथंच एक घोटाळा होऊन बसला. बाईंचं वय पन्नाशीचं, म्हणून हा आजार तरुण वयातला आणि दुर्मीळ धरला गेला. सत्तरीत तेच झालं तर ते म्हातारपण. ही वाटणी वैद्यकशास्त्रानं जवळपास साठ वर्षं सांभाळली. १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही तेच डाग दाखवले, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी लिहिलं की दोन्ही एकच आजार, आणि तो दुर्मीळ तर नाहीच. म्हणजे 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या आपल्या आज्या आणि साठच्या दशकात डॉक्टर झालेली पिढी, दोघांचं म्हणणं एकच होतं. फरक इतकाच की डॉक्टर ते इंग्रजीत म्हणायचे.

आपल्याकडे शब्दांची कमी कधीच नव्हती. म्हातारचळ, भ्रमिष्ट, चळलेला, विसरभोळा. पहिल्यात थोडी टिंगल, शेवटच्यात थोडं कौतुक. आजार एकातही नाही. 'स्मृतिभ्रंश' (इंग्रजीत डिमेन्शिया; अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) हा शब्द छापून येतो, पण दवाखान्यात "आईंना स्मृतिभ्रंश झालाय का?" असं विचारणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. विचारतात ते, "वयानं होतंय ना हे?" आणि हे फक्त आपलंच नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेच्या जगभरच्या पाहणीत हा वार्धक्याचाच भाग आहे असं मानणारे सर्वसामान्य लोक २०१९ मध्ये ६६ टक्के होते, २०२४ मध्ये ८० टक्के. आरोग्य क्षेत्रातल्यांचा आकडाही ६२ वरून ६५ टक्क्यांवर गेला. जागृतीच्या इतक्या मोहिमांनंतर आकडा चढलाच.

मराठी घरात सुरुवात हुकण्याची आणखी दोन कारणं मला दिसतात. एक, पाठांतर. ज्या पिढीनं शाळेत तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, संध्याकाळी शुभंकरोती आणि रामरक्षा घोकली, तिचं ते घोकलेलं सगळ्यात शेवटी जातं. जुनी, शेकडो वेळा उजळलेली आठवण टिकते आणि सकाळची पुसते, ही या आजाराची रीतच. पण घरचे म्हणतात, "छे, अण्णांना एकोणतीसचा पाढा अजून येतो, त्यांना काय झालंय?" तेच अण्णा जेवण झाल्यावर तासाभरानं ताट मांडायला सांगतात, ते चेष्टेवारी जातं.

दुसरं कारण सासू-सून. सोन्याची बांगडी सापडेना, सुनेनं घेतली असेल, हा संशय कित्येकदा आजाराचं पहिलं चिन्ह असतो. पण आपल्याकडे या भांडणाला इतकी तयार जागा आहे की कुणाला ते चिन्ह वाटतच नाही. दोन-तीन वर्षं त्या भांडणातच जातात, आणि सून दोषी ठरते ते वेगळंच.

आता डॉक्टरांकडे वळू. आत्याचे डॉक्टर जुन्या ठाण्यातले. त्यांच्या आधी तिथं त्यांचे वडील बसायचे, मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एलसीपीएस पदवी घेतलेले. कंपाउंडर, लाल मिक्श्चर, बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, रात्री-अपरात्री घरी व्हिजिट. अशा डॉक्टरला घड्याळ काढून घ्यायची गरज पडायची नाही. शाळेतले मास्तर फीचे सुटे पैसे मोजताना तीनदा चुकले, की त्याच्या लक्षात यायचं, कारण हेच मास्तर पूर्वी कसे मोजायचे ते त्यानं पाहिलेलं असायचं. काही उपाय नाही म्हणून तो बोलायचा नाही, ही गोष्ट वेगळी. ओळखीचं साधन मात्र त्याच्याकडे होतं.

हे साधन आपण घर बदलताना मागे ठेवून आलो. गिरगाव, दादर, परळमधली कुटुंबं ठाण्यात आली. पुढे ठाण्यातलीच नौपाडा-पाचपाखाडीतून घोडबंदर रोडच्या टॉवरांत गेली. पलीकडे सिडकोची स्थापना १९७० ची; वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, त्याच वर्षी नवी मुंबई महापालिका आली. वाशी-नेरूळच्या सेक्टरांत तिशीतली जोडपी एकदमच राहायला आली होती, ती आता एकदमच सत्तरीत आहेत. अख्खे सेक्टर एका वयाचे झालेत. त्यांना शुगरसाठी एक डॉक्टर, गुडघ्यासाठी दुसरे, हृदयासाठी तिसरे. वीस वर्षांपूर्वी हा माणूस कसा बोलायचा हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. मुलगा न्यू जर्सीत. तो रविवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलतो आणि दहा मिनिटं तर कुणीही निभावून नेतं.

ओळख गेली तिथं चाचणी आली. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन यांची ३० गुणांची चाचणी निघाली: आजचा वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, वगैरे. ती शिकलेल्यांना सोपी आणि न शिकलेल्यांना अन्यायाची. बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आजार असूनही पास होतो, चौथीपर्यंत शिकलेली बाई आजार नसून नापास. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडला गावकऱ्यांसाठी तिचं हिंदी रूप घडवलं गेलं, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. २००० मध्ये तीन शब्द लक्षात ठेवणं आणि घड्याळ काढणं एवढीच, तीन मिनिटांत होणारी मिनी-कॉग आली. आत्याच्या केसपेपरवरचं घड्याळ त्याच घराण्यातलं.

मग सगळ्यांचीच चाचणी करून टाकावी की! इथं परदेशातला अनुभव कामी येतो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये सरसकट तपासणीचे निकष लिहिले: सापडलेल्या आजारावर काही करता यावं आणि तपासणी लोकांना मान्य असावी, हे त्यातले दोन. स्मृतिभ्रंश दोन्हीकडे अडतो. २०१४ मध्ये इंग्लंडात फॅमिली डॉक्टरला नोंदीत वाढलेल्या प्रत्येक निदानामागे ५५ पौंड द्यायची योजना आली. 'डॉक्टर आता पैशासाठी शिक्का मारणार' असा गदारोळ झाला आणि २०१५ च्या मार्चमध्ये ती संपली. आपल्याला हा संशय समजावून सांगायला नको. 'एमआरआय काढा' म्हटलं की मनात आधी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारं कमिशन, येते. त्याविरुद्धच्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रानं २०१७ मध्ये करून घेतला होता, यावरून हा संशय किती जुना असेल ते कळावं.

अमेरिकेतल्या इंडियानात फॅमिली डॉक्टरांकडच्या ४,००५ वृद्धांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. सरसकट चाचणीनं ठोस फायदा दिसला नाही आणि भीती होती तसं नैराश्यही वाढलं नाही. पण ज्यांच्या चाचणीत खोट दिसली त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी पुढच्या तपासणीला चक्क नकार दिला. म्हणजे चुळबुळ तिकडेही आहेच. लक्षण नसलेल्यांना धरून तपासायला पुरेसा पुरावा नाही, असंच तिथल्या तज्ज्ञ गटानंही त्याच वर्षी म्हटलं. मात्र लक्षण दिसल्यावर लगेच तपासणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या चर्चांत या दोन्हींची हमखास गल्लत होते.

लक्षण दिसल्यावर का तपासायचं, याचं उत्तर गोळ्यांत फारसं नाही. डोनेपेझिल १९९६ पासून आहे. त्यानं थोडी मदत होते, आजार थांबत नाही. उत्तर आहे ते साध्या रक्ततपासणीत. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, ही सगळी स्मृतिभ्रंशाचं सोंग आणतात आणि वेळेत सापडली तर बरीचशी सुधारतात. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं काही नवलाचं नाही. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावणंही यातच आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये मोजलेल्या, स्मृतिभ्रंशाकडे नेणाऱ्या १४ धोक्यांत बहिरेपण आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एवढ्यांसाठी न्यूरॉलॉजिस्ट पुरणार नाहीत, त्यामुळे पहिली पायरी नाक्यावरचा दवाखानाच.

आणि एक न बोललं जाणारं कारण: मृत्युपत्र. १९२५ च्या वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र करणारा शुद्ध बुद्धीचा हवा, म्हणून आपल्याकडे सोबत फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायची रीत पडली. ज्या डॉक्टरनं परवा 'मनानं सक्षम आहेत' असं लिहून सही-शिक्का दिला, त्याच्याच केसपेपरवर आज वेडंवाकडं घड्याळ असलं तर? नव्यानं बांधायला निघालेल्या सोसायटीतला नौपाड्याचा टू-बीएचके आणि तीन भावंडं असतील तर हा प्रश्न काही पुस्तकी राहत नाही. डॉक्टर कागदावर लिहायला कचरतात आणि घरचे विचारायला, यात एवढी मोठी गाठ आहे.

आत्याचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं झाली, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा गोल काढला. या वेळी आकडे गोलात बसले, काटे मात्र दहा आणि अकरावर गेले. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तारखा घातल्या आणि सांगितलं, "थोडं बी-१२ होतं, थोडं दुसरं आहे. आपण बघत राहू."

यंदा त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. दवाखाना बंद करताना त्यांनी जुन्या पेशंटांना बोलावून ज्याचे त्याचे केसपेपर हातात दिले. आत्याचा गठ्ठा १९८६ पासूनचा, रबरबँडनं बांधलेला. नव्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं तो उलटसुलट पाहिला आणि परत केला. त्यांच्या संगणकात पूर्वीच्या आजारांसाठी चार ओळींची जागा आहे. मी लिहून दिलं: बीपी, गुडघे, बी-१२. चौथी ओळ तूर्त रिकामी ठेवली आहे.