हवाईचा कालुआ आणि तिपेडी वेणी

पहिल्यांदा कालुआ पोर्क, म्हणजे हवाई पद्धतीचं मंद शिजवलेलं डुकराचं मांस, करायला घेतलं तेव्हा मी पाठीचं, चरबी नसलेलं, दिसायला देखणं मांस आणलं होतं. रात्री स्लो कुकर (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) लावला आणि सकाळी हाती चोथा आला. पुढच्या वेळी खांदा आणला. बाकी मीठ तेच, वेळ तेवढाच. झाकण काढून हाडाला हात घातला, तर ते अलगद निघून आलं, अगदी स्वच्छ. तेव्हापासून या एका फरकाचं मला फार कुतूहल आहे.

कालुआ मूळचा हवाई बेटांवरचा. तिथल्या भाषेत ‘लुआ’ म्हणजे खड्डा. जमिनीत खणलेल्या भट्टीला ‘इमू’ म्हणतात. खड्ड्यात लाकडं पेटवून त्यावर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड लालबुंद तापवायचे; भरीव, ओलसर दगड आतल्या वाफेने फुटू शकतात. दगडांवर ठेचलेले केळीचे खुंट अंथरायचे. खुंटात जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे भरपूर वाफ धरते. वर अख्खं डुक्कर, त्यावर टी नावाच्या झाडाची रुंद पानं, ओली गोणपाटं आणि शेवटी माती. मग कित्येक तास कोणी हात लावत नाही.

आज इमूसाठी वापरतात ते किआवेचं लाकूड १८२८ मध्ये होनोलुलूत एका कॅथलिक धर्मगुरूने लावलेल्या झाडापासून पसरलं. आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही त्याची सख्खी बहीण. दोन्ही प्रोसोपिस नावाच्या एकाच गटातल्या.

आता खांद्याकडे येऊ. चालताना, मुंडी पेलताना डुकराचा खांदा दिवसभर राबतो. राबणाऱ्या स्नायूंचे तंतू जुडी बांधावी तसे कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाने बांधलेले असतात. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तिपेडी वेणीच: तीन साखळ्या एकमेकींत घट्ट गुंफलेल्या. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ही वेणी आधी आकसते. मांस तेव्हा उलट जास्तच वातड लागतं, आणि घाई असलेला माणूस इथेच हार मानतो. ७०च्या वर पेड सुटायला लागतात, ९०च्या आसपास हे काम जोरात चालतं, तरी त्याला तास लागतातच. सुटलेले पेड म्हणजे जिलेटिन.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. या तापमानाला मांसाचे तंतू आपलं पाणी केव्हाच पिळून बाहेर टाकतात. खरं तर तंतू कोरडेच झालेले असतात. तरी घास रसाळ लागतो, कारण जिलेटिन आणि वितळलेली चरबी प्रत्येक तंतूवर लेप देते. पाठीच्या मांसात बांधणीच कमी, म्हणून लेपही नाही. पाणी गेलं की उरतो चोथा.

स्लो कुकरमध्ये जाड चिनीमातीचं भांडं बाजूने मंद तापतं. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत खाली पडते, म्हणून पाणी घालायची गरजच नसते. दोन किलो खांद्याला काट्याने टोचे मारा, वीस-बावीस ग्रॅम जाडं मीठ चोळा, चमचाभर लिक्विड स्मोक घाला आणि ‘लो’वर दहा ते बारा तास ठेवा. हवाईत लाल मातीचं ‘अलाएआ’ मीठ वापरतात, पण आपल्या खड्यांच्या मिठानेही काम भागतं. लिक्विड स्मोक म्हणजे लाकडाचा खरा धूर थंड करून पाण्यात पकडलेला. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉलसारखी संयुगं बनतात, धुराचा वास त्यांचाच. शेवटच्या तासापर्यंत मधे झाकण उघडू नका. साठलेली वाफ गेली की भांड्याला पुन्हा तापायला बराच वेळ लागतो.

मांस फ्रीझरमधून काढून थेट मात्र घालू नका. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला गोळा तिथे फार वेळ रेंगाळतो. (राजमाही स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नये, त्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही, आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा.) स्लो कुकर नसेल तर आपल्या प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास हीच वेणी तासाभरात सुटते, फक्त त्यात थोडं पाणी घालावं लागतं.

दोन काट्यांनी मांस ओढलं की दोरे आपोआप सुटे होतात. भांड्यातलं पाणी फेकू नका, वरची चरबी काढून थोडं थोडं परत मांसावर ओता. शेवटच्या तासाला चिरलेला कोबी घातला की गरम भाताबरोबर जेवण तयार. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवाल तर सकाळी ते पायाच्या सुपासारखं थिजून थरथरतं. त्यातलं चमचाभर जिभेवर ठेवून पाहा. ते तिथेच वितळतं, कारण जिलेटिन वितळायला अंगाची ऊबही पुरते.