शोधनिबंधाचा आरंभ

शोधनिबंधात संशोधनपद्धतीच्या आधी येणारा भाग. विषय कोणता, तो का घेतला आणि नेमका प्रश्न काय, हे येथे सांगितले जाते. शीर्षक, सारांश, बीजशब्द, प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि उद्दिष्टे हे त्याचे घटक. विज्ञानाच्या निबंधांत आढावा बहुधा प्रस्तावनेतच मुरलेला असतो. सामाजिक शास्त्रांत त्याला स्वतंत्र विभाग मिळतो. प्राध्यापकांच्या बोलण्यात या सगळ्याला ‘इंट्रो आणि रिव्ह्यू’ एवढेच नाव आहे.

समजा, सांगलीजवळच्या हरिपुरातील पेवांवर निबंध लिहायचा आहे. पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, म्हणून कीड टिकत नाही आणि हळद वर्षानुवर्षे राहते. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले. विषय असा हाताशी असताना पहिला खर्डा बहुधा ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ येथून सुरू होतो. मग हळदीचे प्राचीन महत्त्व, मग जागतिक उत्पादन. दीड पान झाले तरी वाचक दिल्लीतच. हरिपूर अजून दूर.

प्रस्तावनेची घडण उलगडून दाखवणारा सर्वांत परिचित आराखडा भाषावैज्ञानिक जॉन स्वेल्स यांचा (१९९०). त्यात तीन पायऱ्या आहेत: क्षेत्र आखणे, त्यातली मोकळी जागा दाखवणे आणि ती जागा आपण कशी भरणार ते सांगणे. पेवांच्या निबंधात पहिली पायरी दोन-चार वाक्यांत उरकते: सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि साठवणुकीवर मालाची प्रत अवलंबून असते. खरी कसोटी दुसऱ्या पायरीची. ‘या विषयावर सांगली जिल्ह्यात संशोधन झालेले नाही’ हे वाक्य ठिकठिकाणी भेटते, पण तालुका बदलला म्हणून ज्ञानातली पोकळी तयार होत नाही. जागा बदलल्याने कारण बदलत असेल, तरच ती पोकळी. हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे. पेवाला लागणारी माती तिथे आहे आणि पेव बुडवणारा पूरही तिथेच येतो. म्हणून ‘पुराचे पाणी ओसरल्यावर पेवाच्या भिंतींतील ओलावा किती काळ टिकतो आणि त्याचा हळदीवर काय परिणाम होतो?’ असा प्रश्न तिथेच विचारण्याजोगा ठरतो. तो सापडला की तिसरी पायरी, म्हणजे उद्दिष्टे, जवळजवळ आपोआप लिहिली जाते.

आढाव्याचा नेहमीचा दोष म्हणजे हजेरीपट: अमुक यांनी २०११ मध्ये असे म्हटले, तमुक यांनी २०१४ मध्ये तसे म्हटले. नावांऐवजी मुद्द्यांभोवती मांडणी केली, म्हणजे साठवणीतील ओलावा एकीकडे, कीड दुसरीकडे आणि गोदामाशी तुलना तिसरीकडे, तर मतभेद कुठे आहेत ते दिसते. उसनवारी, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून वापरणे, पकडली जाते तीही बहुधा याच विभागात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे टक्केवारीनुसार कारवाईचे स्तर चढत जातात. दोन-चार शब्द फिरवून टक्केवारी खाली आणण्याची खटपट होते खरी, पण त्याला आढावा म्हणत नाहीत.

छापताना आधी येणारे हे भाग लिहिताना मात्र मागून येतात. अनुभवी लेखक पद्धती आणि निष्कर्षांचा खर्डा आधी करतात, त्यानंतर प्रस्तावना पक्की करतात आणि सारांश सगळ्यांत शेवटी लिहितात. सारांशाला साधारण १५० ते २५० शब्द मिळतात. त्यात प्रश्न, पद्धत आणि प्रत्यक्ष निष्पत्ती हवी, ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ एवढे पुरत नाही. पीएच.डी.च्या आराखड्यातून उचललेली प्रस्तावना लगेच ओळखू येते. पेवांची मोजमापे घेऊन झालेली असतात, तक्तेही छापलेले असतात, आणि पहिल्या पानावर अजून ‘सदर अभ्यास करण्यात येईल’ असेच असते.