डोके व मानेच्या दुर्मीळ कर्करोगासाठी पॅलिएटिव्ह रेडिएशन: सातारा-सांगलीतील रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

लाळग्रंथी, नाकालगतच्या पोकळ्या किंवा थायरॉइड यांचे काही कर्करोग क्वचितच आढळतात. ते पुन्हा उद्भवले किंवा फार पसरले की शस्त्रक्रिया बहुधा शक्य राहत नाही. अशा वेळी वेदना, रक्तस्राव, गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास कमी करण्यासाठी मर्यादित मात्रेचे पॅलिएटिव्ह रेडिएशन दिले जाते. ५ बैठकांत २० ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा १० बैठकांत ३० ग्रे या मात्रा रूढ आहेत; काही ठिकाणी दिवसातून दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने, दोन दिवसांत १४.८ ग्रे देऊन, उपयोग दिसल्यास तीन-चार आठवड्यांनी पुढची फेरी घेतली जाते.

रोग बरा होण्यासारखा नसेल तर सरकारी योजना लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पॅलिएटिव्ह रेडिएशनचाही समावेश आहे. जुलै २०२४ पासून पांढऱ्यासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे ज्येष्ठांसाठीचे उपचारकार्ड) उत्पन्नाची अट न घालता मिळते.

रुग्णाने वेगळा अर्ज लिहायचा नसतो. मिरज किंवा कराड येथील रुग्णालयात जाण्यापूर्वी ते योजनेत आहे का आणि तेथे रेडिएशनची सोय योजनेतून मिळते का, हे योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे. तेथील आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातील मदतनीस) शिधापत्रिका व आधार तपासून नोंदणी करतो, डॉक्टरांचे कागद ऑनलाइन पाठवले जातात आणि मंजुरी आल्यावर उपचार सुरू होतात. मंजुरीआधी पैसे भरून बैठका सुरू करू नयेत. रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर राहावे म्हणून चेहऱ्यावर बसवायचा, गरम पाण्यात मऊ करून घडवलेला जाळीदार मास्क पॅकेजमध्ये धरला आहे का, हेही आधीच विचारावे.

आधार व शिधापत्रिकेवरील नावांत तफावत असेल, किंवा रुग्णाचे नाव शिधापत्रिकेत नसेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दुरुस्ती करून घ्यावी लागते. जत-आटपाडीहून येणाऱ्यांनी हे काम घरून निघण्यापूर्वीच उरकावे. बायोप्सीचा मूळ अहवाल, सीटी किंवा एमआरआय आणि आधी रेडिएशन झाले असल्यास त्याचा मात्रेसह तपशील अनिवार्य समजावा, कारण त्याच जागी पुन्हा किती मात्रा देता येईल हे त्यावरच ठरते. दुर्मीळ गाठीचे निदान दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेणे डॉक्टरांना आवश्यक वाटू शकते; म्हणून केवळ अहवालावर न थांबता, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून प्रयोगशाळेतून गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या आणि तो नमुना जपलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा.

योजनेतून खर्च भागत नसेल, तर मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज करता येतो. उपचारासाठी रेल्वेने मुंबईला जायचे झाल्यास, रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घेतल्यावर कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर वर्गाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.