वशिला जवळचाच लागतो?

‘घरचा किंवा अगदी जवळचा माणूस असेल तरच नोकरीसाठी ओळख कामी येते’ हा समज जुना आहे, आणि सहज पटतोही. १९७३ साली प्रसिद्ध झालेली बोस्टनच्या एका उपनगरातली पाहणी मात्र वेगळं सांगते. पाहणी लहान होती. पण ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के जण ओळख कामी आलेल्या त्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच. कारण साधं: जवळच्यांना ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

पडताळायचं असेल तर कॉलेजच्या, क्वचितच भेट होणाऱ्या एखाद्या सीनियरकडे २० मिनिटं मागा. नोकरीचा विषय नको, बायोडेटाही नको (इथेच अनेकांची गाडी अडते). कामाचा दिवस कसा जातो, नवख्यांना काय जड जातं, ते विचारा. निघताना ‘आणखी कोणाशी बोलू?’ हेही.